चुगलखोर पट्टी

हिवरा आश्रम, ता. मेहकर
गुरुवार, दुपारचे अडीच

तीर्थरूप गजेंद्रदादास,

धाकट्या पुष्पांजलीचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण गुडघा खोटं बोलू देत नाही.)

"पुष्पे, ठेव ते खाली. पोरीच्या जातीले कुलपातलं काय समजते?" हे वाक्य तू म्हणालास तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास, मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या मांडीवर मळ्यातल्या मोटारीच्या खोलीचं कुलूप होतं. त्यात मी केसातली पिन घातली होती. तू ओरडलास म्हणून हात दचकला आणि पिन आत मोडली. मग कुलूप बिघडवलं म्हणून तूच आईला माझं नाव सांगितलंस. तुला हे काही आठवत नसेल. मला मात्र चौतीस वर्षं झाली तरी शब्दन् शब्द पाठ आहे, आणि आज पत्र लिहायला बसले तर क्षेमकुशलाच्या आधी तेच कागदावर उतरलं, त्याला मी काय करू?

असो. तुझी शुगर कशी आहे? (वहिनी म्हणाल्या, तू गुळाचा चहा साखरेत धरत नाहीस. डॉक्टर धरतो, एवढं लक्षात ठेव.) सोयाबीनवर फवारणी झाली का? गाईचा पाय बरा आहे का? ऋत्विकच्या साखरपुड्याची तयारी कुठवर आली? आमच्याकडे सगळे ठीक. आमचे हे, म्हणजे हरिओमराव, आपल्या पाणीपुरवठ्याच्या नोकरीत आणि लेक अपेक्षा बुलढाण्याला वसतिगृहात. फोन न करता पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. तर फोनवर मी महत्त्वाचं बोलायला लागले की तुला ऐकू येईनासं होतं. "हालो, हालो, आवाज कटून राह्यला," म्हणून तू फोन ठेवतोस आणि पाचव्या मिनिटाला त्याच फोनवरून हळदीचा भाव विचारतोस, तो बरा खणखणीत ऐकू येतो. कागद कटत नाही.

तुझा निरोप पोचला. वहिनींनी फोनवर सांगितला आणि मागून तू सांगत होतास तेही ऐकू आलं. "पुष्पीले म्हणा, त्या तारा-बिरा विहिरीत फेक, अन् मंगच साखरपुड्याले ये. लोक मले विचारून राह्यले, गजेंद्रभाऊची बहीण कुलपं खोलते म्हणे!" दादा, आमच्या विहिरीचं पाणी चार घरं पितात, तिच्यात मी काही फेकणार नाही. आणि तारा तर कुठेच फेकणार नाही. लोकांनी विचारलं तर "हो, खोलते" म्हणावं. दोन शब्दांचं काम आहे.

तुला सगळं अर्धंमुर्धं कळलेलं आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. दोन वर्षांपूर्वी बुलढाण्याच्या बाजारात ब्लाऊजची अस्तरं घ्यायला गेले होते. तिथे भंगारवाले कडूबा एका पोत्यावर जुनी कुलपं मांडून बसतात. त्यातलं एक मला बरं वाटलं. जड, काळं, किल्ली नसलेलं. (सहज वाटलं. त्यात दुसरं काही कारण नव्हतं.) कडूबा म्हणाले, "ताई, याची चाबी नाही हो, काय करसान?" मी म्हटलं, "बघीन." घरी आणून ह्यांच्या हॅक्सॉने मी ते आडवं कापलं. दोन दुपारी गेल्या, तीन पाती तुटली आणि हे दारात उभे राहून म्हणाले, "येड लागलं का व तुले? आपल्याकडे चाबीचीबी कुलपं हायेत ना, ते खोल!"

पण दादा, आत काय असतं ते तू कधी पाहिलं आहेस का? बाजारात आपण "आठ लिव्हरचं द्या" म्हणतो, ते लिव्हर म्हणजे पितळेच्या पातळ पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. प्रत्येकीला मागून स्प्रिंग रेटते, प्रत्येकीला एक खाच असते. खरी किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी आपापल्या उंचीवर येऊन थांबते, सगळ्या खाचा एका रांगेत येतात आणि तेवढ्यातून बोल्ट सरकतो. एखादी नखभर वर राहिली किंवा खाली राहिली, तर बाकीच्या सातांचं काही चालत नाही. (आठ जावांना एका रंगाच्या साड्या पसंत करायला लावण्यासारखं आहे. ते मी एकदा केलेलं आहे, त्यामानाने कुलूप सोपं.) महागड्या कुलपांत खोट्या खाचाही असतात. आपल्याला वाटतं पट्टी जागेवर बसली, आणि ती आपल्याला हसत असते.

हे असं किल्लीवाचून उघडणं हा लोकांचा छंद आहे, असं अपेक्षाने मला मोबाइलवर दाखवलं. कुठले कुठले दाढीवाले गोरे एका तारेने बोल्टावर हलका ताण धरतात, दुसरीने एकेक पट्टी चाचपून उचलतात आणि उघडलं की लहान मुलासारखे हसतात. त्यांचे दोन नियम आहेत, ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. एक, जे कुलूप आपलं नाही ते मालकाने तोंडाने "उघड" म्हटल्याशिवाय उघडायचं नाही. दोन, वापरातल्या कुलपाशी खेळायचं नाही. मग मी छत्रीच्या काड्या तापवून, ठोकून, वाकवून तारा केल्या. घरातल्या दोन्ही छत्र्या लंगड्या झाल्या. (आमचे हे अजून वाऱ्याला शिव्या देतात.) वीस वर्षं ब्लाऊज शिवल्याचा इथे उपयोग होतो. दोऱ्याचा ताण किती हवा हे बोटाला कळतं, ते डोक्याला सांगावं लागत नाही. पहिलं कुलूप उघडायला मला एकोणीस दिवस लागले. उघडलं तेव्हा मी एकटीच होते, म्हणून चहा करून मीच मला दिला.

फजिती झालीच नाही असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षी मोठ्या हौसेने एक भारी कुलूप मिळवलं आणि नियम क्रमांक दोन मोडून किराण्याच्या कोठीला लावलं. त्या जातीच्या कुलपात एक जादा पट्टी असते. तिला मी चुगलखोर पट्टी म्हणते. बाहेरच्या कोणी तारेने चाळा केला आणि एखादी पट्टी गरजेपेक्षा जास्त उचलली गेली, की ही चुगलखोर अडकून बसते. मग खुद्द खरी किल्ली घातली तरी कुलूप उघडत नाही. मालक आला की त्याला कळावं, तुझ्यामागे इथे कोणीतरी हात घालून गेलं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी सातला माझा हात जास्त उचलला गेला आणि तेल, मीठ, डाळी आणि आत दोरीवर वाळत घातलेली ह्यांची बनियान, सगळं आत अडकलं. खरी किल्ली हातात आणि दार बंद. हे उघड्या अंगावर शर्ट घालून दारासमोर येरझाऱ्या घालत होते. "अवं, तुही कला राहू दे बाजूले! आत तेल हाये, मीठ हाये, माही बनियान हाये!" दुपारी शेजारचं ताक आणि शिळी भाकरी झाली. शेवटी संध्याकाळी ह्यांनी संतापाच्या भरात किल्ली घातली आणि उलट्या बाजूला जोरात फिरवली. (रागात सगळं उलटं करायची सवय तुम्हा दोघांना सारखीच.) आत टक्क झालं. मग सुलटी फिरवली, तर दार उघडलं. चुगलखोर पट्टी सुटायची तर तोच एक रस्ता असतो, खरी किल्ली आधी उलटी फिरवायची. तारेने ती सुटत नाही.

त्या वेळी दारात उभी राहून मला एकदम आई दिसली. आठवतं का, ती आपलं लोखंडी कपाट उघडताना दर वेळी किल्ली आधी उलटी फिरवायची? आपण हसायचो. तू म्हणायचास, "मायले अजून सुलटं-उलटं समजत नाही." ती पदराच्या गाठीतून किल्ली काढायची, आधी उलटी, मग सुलटी. असो. विषय निघाला म्हणून लिहिलं.

आता मेहकरच्या लग्नाचं, ज्यावरून हे सगळं रामायण. नणंदेच्या मुलीचं लग्न. मंगळसूत्र आणि दागिने कार्यालयातल्या खोलीच्या कपाटात. कपाटाची किल्ली नणंदेच्या यजमानांच्या शर्टात, यजमानांनी शर्ट बदललेला आणि तो शर्ट रिकाम्या टेंपोतून गावी गेलेला. मुहूर्ताला अर्धा तास. कोणीतरी पहार घेऊन आलं, कार्यालयाचा माणूस कपाटाला पाठ लावून उभा. मी म्हटलं, मी बघते. नणंदेच्या यजमानांकडून तीन वेळा मोठ्याने "उघड" म्हणवून घेतलं, सगळ्यांच्या साक्षीने. मग पर्समधून तारा काढल्या. (त्या पर्समध्ये का होत्या, हे सगळ्यांनी विचारलं. तुझ्या खिशात तंबाखूची डबी का असते, हे कधी कोणी विचारलं आहे का?) सोळा मिनिटं लागली. खोलीत तीस माणसं, बाहेर बँड. मी डोळे मिटून बसले होते. सहावी पट्टी खोटं बोलत होती, तिला दोनदा समजावलं. उघडलं तेव्हा इतकी शांतता पसरली की बँडवालेही थांबले. त्यांना वाटलं मंगलाष्टकं सुरू झाली.

आणि मग काय झालं ठाऊक आहे? कोणी शाबास म्हटलं नाही. आधी दागिने मोजले. माझ्यासमोर. नणंद म्हणाली, "राग नको मानू वहिनी, पाह्यलेलं बरं असते." एका म्हाताऱ्या बाईंनी मांडीवरची पिशवी माझ्या बाजूची उचलून पलीकडे ठेवली. तुझे होणारे व्याही हिंमतराव पुढेच उभे होते. त्यांनी त्याच संध्याकाळी तुला फोन केला हे मला कळलं आहे. पण तुला एक कळलेलं नाही. चार दिवसांनी त्यांच्या शालूबाईंचा मला फोन आला, अगदी दबक्या आवाजात. "ताई, असं कोन्तं कुलूप हाये व, जे आमच्या यांच्यानं काही केल्या नाही खुलणार?" मी नाव सांगितलं. त्यांनी आणलंही. तेव्हा सोयरिकीची काळजी करू नकोस. तिकडची अर्धी बाजू भक्कम माझ्याकडे आहे.

दादा, तू पंचेचाळिसाव्या वर्षी बुलेट घेतलीस आणि देऊळघाटच्या चौकात, उभ्या गाडीवरून, भरदिवसा पडलास. त्याला सगळ्यांनी शौक म्हटलं. मी माझ्या घरात, माझ्या पाटावर, माझं भंगारातलं कुलूप मांडीवर घेऊन डोळे मिटून बसते, तर ते लक्षण? कुलपाला मी बाई आहे हे कळत नाही. मी कोणाची बहीण, कोणाची सून, हेही त्याला कळत नाही. घाई केली तर ते अडतं, रागावले तर अडतं, आणि नीट ऐकलं तर सरकतं. इतक्या सरळपणे माझ्याशी आजवर कोणी वागलेलं नाही. म्हणून हा छंद मी सोडणार नाही. साखरपुड्याला मी येणार, जांभळी साडी नेसून येणार, पर्स घेऊन येणार. तुला दारात अडवायचं असेल तर अडव. फक्त दाराला कुलूप लावून अडवू नकोस, हसं तुझंच होईल.

वहिनींना नमस्कार, ऋत्विकला आशीर्वाद, गाईच्या पायाला हळद लाव.

तुझी, तारा न फेकलेली,
पुष्पांजली

ता. क. वहिनींचा हिरवा ब्लाऊज शिवून झाला आहे. बाही त्यांनी सांगितली त्यापेक्षा एक बोट लांब ठेवली आहे. त्यांना तशीच आवडते, पण तुझ्यासमोर मापं देताना त्या आखूड सांगतात.

आणखी एक ता. क. वर मी लिहिलं की कडूबांकडून कुलूप सहज घेतलं, दुसरं काही कारण नव्हतं. ते खोटं आहे. आईच्या तेराव्याला तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, "मायच्या कपाटाची चाबी सापडून नाही राह्यली. पण तोडायचं नाही कोणी. तिची आठवण हाये, राहू द्या तसंच." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली आणि रडले. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी बाजारात होते. कडूबांना मी विचारलं होतं, आमच्या आईच्या कपाटासारखं कुलूप आहे का? तसं मिळायला वर्ष गेलं. कोठीला लावलं होतं ते हेच.

पण ते मिळायच्याही आधी, वर्षश्राद्धाच्या दिवशी, तुम्ही सगळे पंगतीत होतात तेव्हा मी आईच्या खोलीत गेले आणि दोन्ही नियम मोडले. मालकाला विचारलं नाही, कारण मालकीण राहिली नव्हती. (निदान मी मला तसं सांगितलं.) अर्धं लक्ष पंगतीकडे होतं. तिसरी पट्टी जास्त उचलली गेली आणि आत काहीतरी टक्कन अडकलं. काय ते तेव्हा कळलं नाही. घाबरून तारा काढल्या आणि येऊन जिलबी वाढू लागले. पुढे कोठीच्या फजितीत कळलं की मी आईच्या कपाटातली चुगलखोर पट्टी अडकवून आले आहे. आता ते खऱ्या किल्लीशिवाय कोणालाच उघडणार नव्हतं, आणि खरी किल्ली तर हरवलेली.

भाऊबीजेला आले तेव्हा पुन्हा गेले. उघडायला नाही, शपथ. फक्त नाडी बघायला. तार आत घातली आणि दादा, पट्टी सुटलेली होती.

मी खाली फरशीवर बसले. आधी जे मनात आलं ते वाईटच आलं, ते लिहीत नाही. तू ओवाळणी घातलीस तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नव्हतं, ते का, ते आता समजलं असेल. मग जेवताना वहिनी सहज बोलून गेल्या, की त्यांचे हे (म्हणजे तू) दर सोमवारी दुपारी मायच्या खोलीत कडी लावून बसतात अर्धा तास, आणि आले की शर्टाला डांबरगोळ्यांचा वास येतो. माझा घास तसाच राहिला. आईच्या कपाटातल्या साड्यांना तोच वास होता.

म्हणजे किल्ली तुझ्याकडे आहे. आणि तू ती आधी उलटी फिरवतोस, तिच्यासारखी. आता मला एकच कळत नाही. किल्ली अडल्यावर तुला समजलं होतं का, की पुष्पी येऊन गेली? की तू दर वेळी सवयीनेच आधी उलटी फिरवतोस, त्यामुळे मधे कोणी हात लावला की नाही ते तुला कळतच नाही? मला वाटतं, आईनेही ती सवय त्यासाठीच लावून घेतली असेल. आपण दोघंही लहानपणी त्या कपाटाशी खेळत होतो. आधीच उलटी फिरवली म्हणजे कोणी चोरून हात घातला होता का, हे कळायला नको. तिला ते कळून घ्यायचंच नव्हतं. आणि आपण म्हणायचो तिला सुलटं-उलटं समजत नाही.

तुला समजलं असेल तर तू वर्षश्राद्धापासून माझ्याशी नुसतं सोयाबीनवर बोललास. मीही सोयाबीनवरच बोलले. आईचीच लेकरं आपण.

शेवटचा ता. क. कडूबांनी दिलेलं ते जुळं कुलूप मी आजपर्यंत एक्केचाळीस वेळा उघडलं आहे. शेवटच्या वेळी सात मिनिटांत, चुगलखोर पट्टीला न दुखवता. मी माहेरी असताना तू शुक्रवारी बाजाराला गेलास की वहिनी मला चहा देऊन अंगणात जातात. मला सात मिनिटं कधीही मिळाली असती. मी घेतली नाहीत. नियम मी एकदा मोडला, तेवढं पुरे.

म्हणून विचारते. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी येते. तू किल्ली खिशातच ठेव, ती दाखवूसुद्धा नकोस, हरवली आहे असंच आपण दोघं म्हणू. आतलं मला काही नको. साड्या तुझ्याकडे राहू देत, सोमवारही तुझेच राहू देत. तू खाटेवर बस, मी खाली बसते. मधे बोलू नकोस, ओरडू तर मुळीच नकोस, मागच्या वेळी पिन मोडली होती. उघडलं की थोडा वेळ दोघं बसू. तू नाही म्हणशील. "काहीच्या काही लिहून राह्यली ही," म्हणून वहिनींना पत्र वाचायलाही देणार नाहीस, हे मला इथे बसून दिसतं आहे. तरीपण मालक आता तूच, आणि तोंडाने म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही. उघडू, दादा?